खोगीरभरतीतलं बटण

रेडिओ स्टेशनात तिला सगळे होकारताई म्हणत. वेबसाइट सांभाळायचं काम तिचं, आणि नाही म्हणायला जीभ रेटायची नाही हा स्वभाव. मग काय, जो येई तो तिच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसे. बातम्यावाल्यांना वर धावती पट्टी हवी, जाहिरातवाल्या साहेबांना उड्या मारणारी ऑफर हवी, सकाळच्या निवेदिकेला आपला हसरा फोटो हवा, तोही दुसरीपेक्षा बोटभर मोठा. ताई म्हणायची, "बसवते की." अशी खोगीरभरती होत होत पहिल्या पानावर हवामान, राशी, कोडी, गाद्यांचा सेल, गेल्या वर्षीच्या स्पर्धेचे विजेते, सगळं गुण्यागोविंदानं नांदायला लागलं. फक्त रेडिओ कुठे ऐकायचा तेवढं कुणाला सापडेना. सतरा लुगडी, तरी भागूबाई उघडी, दुसरं काय.

आज मात्र ताईचे पाय जमिनीवर नव्हते. आवाजाच्या चाचणीत पुन्हा पुन्हा आपटलेला तिचा धाकटा भाऊ आज आजारी निवेदकाच्या जागी बातम्या वाचणार होता, थेट. बातम्यांचं रेकॉर्डिंग कुणी ठेवत नसे. हुकलं ते हुकलं. आणि ऐकायला हवी होती अक्का, थोरली बहीण. आई गेल्यावर या पोराला तिनंच लहानाचं मोठं केलेलं. ती दूरच्या शहरात नर्स होती. तिथे स्टेशनचा आवाज पोचत नाही, वेबसाइट हाच काय तो मार्ग.

अक्का वॉर्डातल्या फोनवरून बोलत होती, स्वतःचा मोबाइल दुसऱ्या हातात.

"अगं, इथे एक बाई हसतेय. तिला दाबू?"

"नको, तो नुसता फोटो आहे. खाली सरक."

"खाली माझी रास विचारतायत."

"फुली दाब."

"दाबली. आता गाद्या आल्या."

काचेपलीकडे धाकट्यानं हेडफोन चढवला, पाण्याचा घोट घेतला. बटण होतं, तिनंच बसवलेलं. पण कोडी आणि विजेत्यांच्या मधे कुठे दबलं होतं देव जाणे. स्वतःचा असा राग आला तिला की विचारू नका. खुर्ची पुढे ओढून तिनं सपाटाच लावला. राशी गेल्या. कोडी गेली. विजेते गेले. निवेदिका हसत हसत गेल्या.

मागे जाहिरातवाले साहेब चहाचा कप घेऊन उभे. "ताई, माझी ऑफर तेवढी राहू द्या."

"नाही," ताई म्हणाली, आणि ऑफरही उडवली. साहेबांना वाटलं, आपण चुकून भलत्याच टेबलाशी आलो.

पानावर उरलं एकच मोठं बटण: ऐका.

"अक्का, पान पुन्हा उघड. दिसेल ते दाब."

तेवढ्यात खोलीतल्या स्पीकरवर धाकट्याचा आवाज आला, "नमस्कार. ठळक बातम्या." पहिला शब्द कापरा, पुढे खणखणीत. फोनवर मात्र काहीच नाही. वेबसाइटवर आवाज जरा मागून पोचतो हे ताईला रोजचंच ठाऊक, पण आत्ता डोकं चालेल तर ना. आणि मग कानाशी, त्या दूरच्या वॉर्डातून, तोच आवाज आला, "नमस्कार. ठळक बातम्या."

ताईला हसू आणि रडू एकदमच फुटलं. "अक्का, येतंय ना गं ऐकू? आवाज वाढवायचा असेल तर बाजूला..."

"तू गप बस जरा," अक्का म्हणाली. "माझं पोर बोलतंय."