परत मागणारा माणूस

तमिळ मुलखातल्या एका बँकेत राघोत्तमरावांचं काम एकच होतं. चुकून परक्याच्या खात्यात गेलेले पैसे परत मागायचे. छापील पत्रं होती, नियम होते. ते मात्र फोन करत. पलीकडून आवाज आला की तमिळमध्ये आधी विचारत, "साप्पिट्टाच्चा?" जेवलात का? पैशांचा विषय नंतर.

वेलचेरीच्या सुब्बा रिक्षावाल्याकडे एकदा कुणाच्या ऑपरेशनचे पैसे गेले. त्यातून त्याने पुरात बुडालेला फ्रिज बदलला. बँकेने खातं गोठवलं. रिक्षाच्या भाड्याचे पैसेही त्याच खात्यात. गॅस भरता येईना, रिक्षा उभी. राघोत्तमरावांनी खातं मोकळं करून घेतलं. मग सुब्बाने थोडे थोडे करत सगळे परत केले. शेवटी त्यानेच विचारलं, "सार, तुमचं जेवण झालं?"

यंदा काही बँकांनी मिळून नवी व्यवस्था चाचणीला घेतली. दर बँकेचा वेगळा हिशोब नाही. एकच नोंद, सगळ्यांकडे एकाच वेळी. पैसे क्षणात पोचतात. लिहिलेलं कुणाला एकट्याने खोडता येत नाही. धोरण ठरवणाऱ्या समितीने विचारलं : तक्रार आली, तर घेणाऱ्याला न विचारता रक्कम मागे ओढायचा अधिकार बँकेला द्यावा का? विभागाचं मत राघोत्तमरावांनी लिहायचं होतं.

तिरुवल्लिकेणीच्या घरात मुलगी मधुवंती सांबार वाढत होती. ती व्यवस्था तिच्याच कंपनीने बांधलेली.

"अप्पा, 'द्यावा' म्हणून लिवा. तक्रारी तपासायला माणसं लागतील, तुमचा विभाग राहील. नाही तर कुलूप."

"घेणाऱ्याला न विचारता?"

"विचारत बसायला वेळ कोणाला आहे?"

"मला. जन्मभर दुसरं काय केलं?"

"रिटायर व्हायला दोन वर्षं आहेत अजून."

"नोकरी तूच खातेस, वर जेवायलाही तूच वाढतेस. सरी, बरं, वांगं घाल."

त्यांनी दोन वाक्यं लिहिली. घेणाऱ्याच्या संमतीशिवाय पैसे मागे ओढू नयेत. मात्र त्याला विचारायला एक माणूस असावा.

समितीने पहिलं वाक्य घेतलं. दुसरं गाळलं. विभाग बंद झाला आणि राघोत्तमराव चौकशीच्या खिडकीत बसू लागले.

एका सकाळी महालक्ष्मी नावाची बाई आली. मुलीच्या हॉस्टेलची फी नव्या व्यवस्थेतून भलतीकडेच गेली होती. राघोत्तमरावांनी नोंद पाहिली. घेणाऱ्याच्या नावाच्या जागी अक्षरं आणि आकड्यांचा नुसता पत्ता होता. फोन नंबर नव्हता.

"मागे घेता येतील?"

"नाही."

बाई उठली नाही. ते पडद्याकडे पाहत राहिले. रकमेखाली निरोपासाठी छोटी जागा होती.

"त्याच पत्त्यावर आणखी एक रुपया पाठवा," ते म्हणाले.

"आणखी?" तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग मोबाईल पुढे केला. त्यांनी रुपयासोबतचा निरोप स्वतः लिहिला, एकच तमिळ शब्द. तिने वाचला.

"हे काय? फीबद्दल काहीच नाही."

"आधी उत्तर येऊ दे."