ओळख पटली नाही

तिसगावातल्या मुलींच्या वसतिगृहाच्या गृहपाल सत्यशीलाबाई कुणावर भरवसा ठेवतील तर शपथ! दूधवाल्यासमोरच दुधात बोट बुडवून बघणार. दर अमावस्येला दारावर नारळ ओवाळून फोडणार, आणि त्याच दिवशी वसतिगृहाच्या क्लाउडचा पासवर्डही बदलणार. नजर लागू नये म्हणून, म्हणे.

क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या साठवणीत, ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांतल्या मुलींचे दाखले होते. ते हुडकत बसायला नको म्हणून निकितानं पंधरा दिवसांपूर्वीच एक प्रोग्राम लिहिला होता. ती गावातलीच, कॉम्प्युटर शिकलेली, वसतिगृहात कामाला येणारी. बटण दाबलं की प्रोग्राम क्लाउडला ओळख दाखवायचा, मग फायलींची यादी यायची.

अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी यादीऐवजी लाल अक्षरं आली: ‘ओळख पटली नाही.’

‘‘माझी? जन्म गेला माझा हितं!’’ बाई कडाडल्या. ‘‘दाखले कुठं नेलेस गं?’’

‘‘बाई, तुमीच क्लाउड उघडून बघा की.’’

‘‘म्हंजे तू पासवर्ड बघणार! लई शहाणी!’’

आणि काय केलं असेल बाईंनी? सगळ्या मुलींसमोर, फाटकाजवळ, निकिताची पिशवी पालथी केली. अहो, क्लाउडवरचे दाखले कुणी पिशवीतून नेतं का? निघाला जेवणाचा डबा नि एक फणी. निकितानं मुकाट्यानं सगळं गोळा केलं आणि निघून गेली.

बाईंनी दार लावून मोबाईलवर क्लाउड उघडला. एकशे बारा दाखले, एक कमी नाही.  बाईंना लाज वाटली, खरंच वाटली. त्यांनी निकिताला फोन लावला.

‘‘पासवर्ड बदलला का तुमी?’’ निकितानं विचारलं.

‘‘व्हय.’’

‘‘मंग प्रोग्रामला दिलेली परवानगी रद्द झाली. पासवर्ड मला सांगू नका. कॉम्प्युटरवर प्रोग्राम उघडा, ‘पुन्हा जोडा’ दाबा आन् तुमीच टाका. मंग ‘परवानगी द्या’ म्हनून येईल, तेवढं दाबा.’’

बाईंनी पासवर्ड टाकला. पुढची ओळ तीनदा वाचली. फसवत तर नाही ना ही? शेवटी दाबलं. भराभर यादी आली.

‘‘चुकलं गं माझं. उद्या ये कामाला.’’



‘‘राग न्हाई, बाई. पन फाटकापाशी पोरी बघत हुत्या. त्यांच्यासमोरून आत यायला माझा पायच उचलायचा न्हाई.’’