ओवायचा राहिलेला दोरा

इथले अनुभव मी बरेच दिवस नुसते वाचतेय. लिहिलं कधीच नाही. खरं सांगायचं तर बहुतेक वाचून मनात म्हणायचे – झोप झाली नसेल, ॲसिडिटी असेल. माझ्या बाबतीत जे होतं त्यालाही मेडिकल नाव आहे. पण त्यातला एक तुकडा कुठेच बसत नाही, म्हणून हे लिहितेय. इंग्लिश मीडियमची आहे मी... सांभाळून घ्या.

आम्ही टेंभुर्णीचे, जाफराबाद तालुका. आई गेली तेव्हा मी दुसरीत होते. ताप डोक्यात गेला, म्हणतात. शेवटी तिला खाटेवरून खाली भुईवर घेतलं, एवढंच मला आठवतं. चेहरा आठवत नाही. फोटोतला आठवतो, पण तो वेगळा.

पहिली चक्कर शाळेच्या प्रार्थनेत आली. उन्हात उभी होते. आधी घाम, मग सगळ्यांचे आवाज लांब गेले, मग काळं. आणि त्या काळ्यात आमचं अंगण. आई जुन्या लुगड्यांची वाकळ शिवत बसलेली. मान वर न करता तिने सुई-दोरा माझ्यापुढे धरला.

"ओव गं. मला दिसंना."

मी दोऱ्याचं टोक ओठांत धरलं... आणि डोळे उघडले तर टीचर तोंडावर पाणी मारत होत्या.

नंतर अधूनमधून असं व्हायचं. रक्त तपासायला दिलं की, उपाशी असले की, लग्नात जेवणाच्या रांगेत. दर वेळी तेच अंगण, तीच सुई. दोरा कधीच ओवून व्हायचा नाही.

घरी पडले की मात्र तिथे जास्त वेळ मिळायचा. कारण आत्या. आईनंतर मला तिनेच वाढवलं. मी कोसळले की ती मला भिंतीला टेकवून बसवायची, खांदे घट्ट धरायची, नाकाला फोडलेला कांदा लावायची. कोणी आडवं करायला आलं की त्याच्यावर ओरडायची.

शेवटी मला जालन्याला नोकरी लागल्यावर पप्पांनी तिथल्या डॉक्टर मॅडमकडे नेलं. आत्याही आली. ईसीजी झाला, झोपवून आणि उभं करून बीपी घेतलं, घरात कोणी अचानक गेलंय का ते विचारलं. हार्ट चांगलं निघालं.

"पडल्यावर काय करता तुम्ही?" मॅडमनी विचारलं.

"बसवते की," आत्या म्हणाली.

"बसवायचं नाही, मावशी. रक्त डोक्याकडे जात नाही, म्हणून तर शुद्ध जाते. बसवून ठेवलं की ती जास्त वेळ येत नाही. सपाट निजवायचं, पाय उंच."

"भुईवर?" आत्या खुर्चीतून उठलीच. "आमच्याकडं भुईवर कोनाला घेत्यात, म्हाईत हाय का तुम्हाला? हिच्या आईला घेतल्तं. ती उठली न्हाई. मंग हिला बी घेऊ?"

पप्पांनी तिला परत खुर्चीत बसवलं. मॅडमनी मला विचारलं, "पडताना काही दिसतं?"

"काळं दिसतं," मी म्हणाले.

उपाय सोपे होते. भरपूर पाणी, जेवण चुकवायचं नाही, चाहूल लागली की लगेच आडवं व्हायचं, नाहीतर पायात पाय अडकवून मांड्या आवळायच्या. मी सगळं केलं आणि चकरा थांबल्या.

"बघा, सकाळचं पोटभर खाती म्हनून! बिस्किटावर शाळेत जायची, चक्कर न्हाई येनार तर काय," आत्या सगळ्यांना सांगायची. सगळे खूश होते. मला मात्र आई भेटेना.

उन्हाळ्यात सुट्टीला टेंभुर्णीला गेले. आत्या जीपने जाफराबादला गेलेली, पप्पा शेतात. मी दाराला आतून कडी लावली आणि भर दुपारी स्वयंपाकघरात उभी होते. घाम आला. बाहेरच्या ट्रॅक्टरचा आवाज लांब गेला. काय करायचं ते मला पक्कं माहीत होतं. मी केलं नाही. ओट्याला धरून तशीच उभी राहिले.

अंगण. सुई. या वेळी दोरा जवळजवळ गेला होता... आईने माझ्या हातातून सुई काढून घेतली आणि वाकळीत खोचली. मग मान वर केली. मी तिचा चेहरा पाहिला.

"ऱ्हाऊ दे. नीज आता. पाय वर घे."

जाग आली तेव्हा मी फरशीवर सरळ आडवी होते. कुठेही मार नाही. पायांखाली घडी घातलेली वाकळ – आईची, अर्धवट राहिलेली, आत्याने माळ्यावरच्या पेटीत जपलेली.

आत्या आली, मी कडी काढली. फरशीवरची वाकळ बघून तिचा चेहरा उतरला. "भुईवर कोनी निजवलं तुला?"

"मीच."

ती माळ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "शिडी तर गोठ्यात हाय."

मॅडम म्हणाल्या, शुद्धीवर येताना माणूस बरंच काही करतो आणि विसरतो. असेल. शिडीचं विचारलं तर त्या हसल्या. मलाही याहून पुढे काही सांगता येत नाही.

त्यानंतर मी पडलेली नाही. चाहूल लागली की निजते, पाय वर घेते. तिने सांगितलंय.

वाकळ आता जालन्याला माझ्या खोलीत आहे. कोपऱ्यात तिची सुई खोचलेली आहे, रिकामी. रीळ शेजारीच ठेवलंय. दोरा मी अजून ओवलेला नाही.