लामाराने वाचवलेला एक दिवस

जॉर्जियातल्या तिबिलिसीत वीज गेली ती दोन हिवाळे धड आलीच नाही. फाजच्या, म्हणजे जंतूंना मारणाऱ्या विषाणूंच्या, प्रयोगशाळेतल्या उबदार पेट्या थंड पडल्या. तेव्हा तिथे काम करणारी लामारा रोग्यांच्या पुवाच्या काचेच्या बश्या फडक्यात गुंडाळून पोटाशी बांधायची आणि वर कोट चढवायची. बशीवर वेगवेगळ्या फाजचे थेंब आधीच टाकलेले असत आणि अंगाच्या उबेवर जंतू वाढत. ज्या थेंबाखाली बशी स्वच्छ दिसे, तो फाज त्या रोग्याचा. एक दिवस लागे. कोणी कितीही रडलं तरी त्याशिवाय ती फाजची बाटली देत नसे.

नवरा ओतिया चिडवायचा, "साऱ्या गावाचा पू पोटाशी धरतेस, मला मात्र जवळ येऊ देत नाहीस."

शेगडीसाठी जुनं कपाट फोडताना त्याच्याच पायावर कुऱ्हाड बसली. त्याला इस्पितळाच्या वॉर्डात ठेवलं, आणि तिथे आठवड्यात पाय सुजून टम्म झाला. इस्पितळातला तरुण डॉक्टर झाझा म्हणाला, "आधी बशी लावू या, लामारामावशी."

"या वॉर्डातला जंतू मी दहा वर्षं ओळखते," ती म्हणाली. "एक दिवस कशाला फुकट घालवायचा?"

तिचा लाडका फाज तिने स्वतः म्त्क्वारी नदीच्या गटारमुखातून शोधून काढला होता. त्याच्यावर तिचा नको इतका जीव होता. तो तिने जखमेवर ओतला आणि वाट पाहिली. एक नाही, चार दिवस.

पाय काळा पडला तेव्हा तिने बशी लावली. दुसऱ्या दिवशी कोट उघडून पाहिलं तर तिच्या फाजच्या थेंबाखाली जंतू दाट माजलेले. फाजला आपल्या बारीक पायांनी जंतूच्या अंगावरची एकच खूण चाचपता येते. ती सापडली तर तो घट्ट बसतो, शेपटी खुपसतो आणि आपला जनुकांचा धागा आत सोडतो, मग जंतू फुटून मरतो. जंतूने ती खूणच बदलली होती. फाज चार दिवस बाहेरच तरंगत राहिले. शेजारच्या थेंबाखाली मात्र बशी आरपार स्वच्छ होती. तो फाज खालच्याच फळीवर होता. ती बाटली घेऊन धावली, पण विष रक्तात भिनलं होतं. संध्याकाळी ओतिया गेला.

ओतियाच्या दिवसांच्या जेवणात थोरल्या दिराने उभं राहून मेलेल्याच्या नावाने पेला उचलला. मग लामाराकडे वळून म्हणाला, "हिने परक्यांसाठी केलं ते सगळं आपल्या माणसासाठीही केलं. काही कमी केलं नाही."

सगळे प्यायले. लामाराचा पेला टेबलावरच होता.

"बशी नाही लावली," ती म्हणाली. "परक्या माणसाची लावली असती."

दिराला काही कळलं नाही. झाझाला कळलं. त्याने मान खाली घातली आणि भाकरीचा तुकडा मोडत बसला.