मागच्या सीटचं वजन

आमच्या घरात मागच्या सीटवर बसायची पद्धत नाही, निदान पुरुषांना तरी. ह्यांचे पणजोबा संस्थानाच्या फौजेत घोड्यावर होते म्हणतात, आणि घोड्याला मागची सीट नसते. त्यामुळे मणक्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टर जेव्हा म्हणाले, "गाडीत बसायला हरकत नाही, पण मागे, पाय लांब करून, आणि हिसका बसता कामा नये," तेव्हा ह्यांनी फक्त पहिले चार शब्द ऐकले.

गाडी म्हणजे आमची जुनी फोर-बाय-फोर. ती घेतलीच मुळी मानपुरजवळच्या जमिनीसाठी. राजेंद्र नगरातल्या घरापासून मानपुरपर्यंत रस्ता छान आहे. पुढे मात्र दगडांची वाट आणि एक नाला, तिथे साधी गाडी पोट घासून बसते. जमीन काही फार मोठी नाही. सीताफळाची झाडं, एक खोली आणि राखणदाराचं कुटुंब. पण ह्यांचा जीव तिथे. दर रविवारी सिमेंट, पाइप, पाण्याचे ड्रम असं काहीतरी मागे लादून निघायचे, आणि थंडीच्या तोंडाला सीताफळांची पोती भरून परतायचे. मग स्नेहलतागंजातल्या नातेवाइकांपासून आमच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांकडे स्वतः पोचवायचे.

ऑपरेशन झालं आणि हे सगळं थांबलं. जखम भरली, टाके निघाले, काठी घेऊन घरात चालायलाही लागले, पण पेपर उघडेनात. पंख्याकडे बघत पडून राहायचे. मला भीती वाटायला लागली ती पाठीची नव्हती. पाठ बरी होईल आणि माणूस उठायचाच नाही, अशी ती भीती होती. एकदा जमिनीवर नेऊन आणलं तर फरक पडेल, असं मी मनाशी धरून बसले.

पहिला प्रयत्न कॉलनीच्या स्पीडब्रेकरवरच संपला. घरातल्या सगळ्या उशा मागे रचल्या होत्या, गाडी मी चालवत होते, आणि अगदी मुंगीच्या पावलांनी. तरी मागून असा दणका बसला की ह्यांच्या तोंडून निघालेला आवाज ऐकून मी तिथूनच गाडी वळवली. घरी आल्यावर भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "झालं. आता विकून टाक ती."

मी काही विकली नाही. गाडीखाली वाकून मागच्या स्प्रिंगा बघितल्या. त्या ह्यांनीच काही वर्षांपूर्वी बसवून घेतल्या होत्या, हेवी ड्यूटी, जाड सळईच्या. मागे ड्रम आणि सिमेंट असलं की त्या जरा दबतात आणि गाडी ठीक चालते. रिकाम्या गाडीत मात्र हूं की चूं करत नाहीत, आणि रस्त्यावरचा प्रत्येक खडा जसाच्या तसा सीटवर पोचवतात. त्यातली उजवीकडची आता थकून गाडी एका अंगाला झुकली होती. बदलायच्या तर होत्याच. कुठल्या घालायच्या, एवढाच प्रश्न होता.

गाडीचा मिस्त्री दोन्ही प्रकारच्या जोड्या घेऊन घरीच आला. पोर्चमध्ये फरशीवर मांडल्या. एक जोडी पूर्वीसारखीच जाड, दुसरी कंपनीच्या मापाची, बारीक सळईची. ह्यांची वेताची खुर्ची आम्ही दारात आणून ठेवली होती.

"भाभीजी, पीछे लोड क्या रहता है?" मिस्त्रीने मला विचारलं.

उत्तर खुर्चीतून आलं. "भिया, हेवी वाली डालो. सिमेंट, ड्रम, सब जाता है."

"जात होतं," मी म्हटलं.

"अगं, मी बरा झालो की मग? मतलब पुन्हा बदलायच्या? खाली-पीली डबल काम."

"बरे झालात की बघू. आत्ता मागे काय जाणार आहे, ते सांगा."

मिस्त्रीने आमच्या दोघांकडे बघितलं आणि पाने काढायच्या निमित्ताने पेटीत डोकं घातलं. मला काय झालं कोण जाणे, मी ह्यांच्याकडे बोट दाखवून त्याला म्हटलं, "भिया, लोड ये बैठे हैं. और कुछ नहीं."

म्हटलं आणि जीभ चावली. हे अगदी हळू म्हणाले, "म्हणजे आता मी सामान झालो."

मला वाईटही वाटलं आणि रागही आला. "सामान असतात तर दोरीने बांधून कधीच नेलं असतं," मी म्हटलं. ते हसले नाहीत. जाड स्प्रिंगा घातल्या तर आपण पुन्हा ड्रम उचलणार, आणि बारीक घातल्या की तो विषय संपला, असं त्यांच्या मनात होतं. ते मला कळत होतं. पण मला त्यांना ह्याच रविवारी न्यायचं होतं. मी मिस्त्रीला बारीक घालायला सांगितल्या.

त्याने गाडी मागून उचलून लोखंडी घोड्यांवर टेकवली, चाकं काढली, शॉकअपचे खालचे बोल्ट सोडले आणि ॲक्सल हळूहळू खाली घेतला. ब्रेकच्या पाइपला ताण येत नाही ना, ते हे खुर्चीतून मान लांब करकरून बघत होते. जुनी स्प्रिंग मोकळी होऊन हातात आली, गंजून तपकिरी झालेली. नवी बघून ह्यांनी शेरा मारला, "सोफ्यात असते तसली आहे." पण डावी बसवताना एकदम काठी आपटत उठले. "भिया, सिरा घर में नहीं बैठा! घुमाओ, और घुमाओ!" स्प्रिंगचं टोक खाचेत बसलं नव्हतं, ते खरंच होतं. ते बसेपर्यंत हे उभेच राहिले. मी आत जाऊन चहा टाकला.

रविवारी निघालो. कॉलनीचा तोच स्पीडब्रेकर आला. गाडी नुसती मान हलवून पुढे गेली. मागून आवाज आला नाही. दगडांच्या वाटेवरही नाही. नाल्यात उतरताना मी आरशातून मागे बघितलं, तर म्हणाले, "मला काय बघतेस? पुढे बघ."

जमिनीवर पोचल्यावर ते काठी टेकत एकेका झाडापाशी थांबले, प्रत्येकाच्या बुंध्याला हात लावला. मी खोली झाडायचं सोंग केलं. परत निघायच्या वेळी राखणदाराने नेहमीच्या सवयीने सीताफळांची पोती गाडीपाशी आणून उभी केली होती. "बाबूजी, धर दूँ?"

इतक्या वर्षांत ह्या दिवसांत गाडी तिथून रिकामी कधी परतली नव्हती, आणि सीताफळं कधी येणार म्हणून स्नेहलतागंजातून फोन सुरू झाले होते. ह्यांनी गाडीच्या मागच्या कोपऱ्यावर तळहात ठेवून दाबलं. गाडी खाली गेली, वर आली. पोती घातली तर सीट दुमडावी लागणार, पाय लांब करायला जागा उरणार नाही, आणि नाल्यात गाडी पार खाली टेकणार, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. मी ठरवून तोंड मिटून उभी राहिले.

"बोरे रहने दो," ते राखणदाराला म्हणाले. "टेम्पो से भेज देना." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आधी मला ने. सांभाळून ने."

आणि स्वतःच मागचं दार उघडून, उशी नीट करून बसले. मला रडू आलं. ते दिसू नये म्हणून मी गाडीच्या मागून फेरा घेऊन स्टिअरिंगपाशी गेले.