तहाची भाकरी

हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीलाही नाही. देवापुढे हात जोडले तरी दुसरंच काहीतरी मागत राहिले. तुला सांगते — पण सरळ येईल का, ठाऊक नाही.

आज पुन्हा मला तहाच्या भाकरीचा मान म्हणून शाल दिली. दर वर्षी देतात. घरात शालींची चवड झालीय, एकही मी अंगावर घेत नाही. भोंग्यावरून पुकारलं, टाळ्या पडल्या. मी खाली मान घातली तर बाया म्हणाल्या, "लई लाजाळू हाय बया!" लाजाळू! चीड येते — त्यांची की माझी?

तहाचं सांगायला हवं. आमचं गाव ओढ्याच्या खालच्या अंगाला, वाडी वर डोंगरात. आजेसासऱ्यांच्या वेळी पाण्यावरून डोकी फुटली होती. मग दोन्हीकडची माणसं ओढ्यातल्या खडकावर बसली. तह झाला — वाडीनं पाणी अडवायचं नाही, आम्ही सुगीनंतर त्यांच्या गुरांना आमची रानं मोकळी ठेवायची. उठताना सगळ्यांनी एकाच भाकरीतला तुकडा खाल्ला. त्याची आठवण म्हणून दर वर्षी त्याच खडकावर भाकरी होते. नाचणीचं पीठ वाडीचं, पाणी आमच्याकडचं. दोन्हीकडची एकेक बाई, एकच परात, दोघींनी मिळून मळायचं. सासू थकल्यावर आमच्याकडून मी बसू लागले. वाडीची ठकूबाई.

मला माणसांत बसायची भीती. ठकूबाई हळूच म्हणायची, "आगं वैनी, पावणंच हायेत, बिबटं न्हाईत." मला हसू फुटायचं आणि हात चालू लागायचे.

नाचणीला कढत पाणी लागतं, नाहीतर भाकरी चिरते. यात शिकायचं काय आहे? त्या वर्षी मी पातेलं घरून उकळून आणलं आणि पाहुण्यांचं भाषण संपेना. पातेलं माझ्या मांडीशी. मी सारखा हात लावून बघत होते — पाणी गार होत चाललं होतं. चूल समोर पेटलेली. तवा उतरवून पातेलं ठेवायचं, एवढंच. पण त्यासाठी "थांबा" म्हणायला हवं होतं. भाषण संपलं तशी सगळी घाई करू लागली, "उरका गं बायांनो!" इतक्या माणसांना मी थांबा म्हणणार?

मी तसंच ओतलं. ठकूबाईनं परातीत हात घातला, एकदा माझ्याकडे बघितलं, आणि मळायला लागली.

भाकरी तव्यावर मधोमध चिरली.

"झालं! तह फुटला राव!" कुणीतरी ओरडलं. थोडे हसले. मग कुणी हसेना. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांनी मला विचारलं, "पीठ कसं व्हतं गं?"

"विरी गेलेलं."

म्हणजे जुनं, चिकटपणा गेलेलं. भरल्या मंडळींत मी जन्मात पहिल्यांदा तोंड उघडलं — आणि ते हे बोलायला! तहाला शिळं पीठ आणणं म्हणजे तोंडावर थुंकणंच की. आमची माणसं ठकूबाईला नको नको ते बोलली. वाडीची माणसंही तिच्याकडेच बघत राहिली. मी परात घासत होते.

पुढच्या वर्षी वाडीनं दुसरी बाई पाठवली. तिच्या हातात ओतूरच्या दुकानातला पिठाचा बंद पुडा. सगळ्यांदेखत कात्रीनं फोडला, पुन्हा कुणी बोट दाखवू नये म्हणून. आता तीच रीत झालीय. पुडा फोडला की टाळ्या पडतात! पोरं फोटो काढतात. ही रीत कुठून आली, कुणी विचारतं का? नाही. आणि मी सांगते का?

ठकूबाई पुन्हा खडकावर आली नाही. एकदा ओतूरच्या स्टँडवर दिसली, केस पिकलेले. म्हणाली, "बरी हायेस ना, वैनी?" मी म्हटलं, "व्हय." तिची एसटी लागली. ती गेली.

इतकी वर्षं मी स्वतःला एकच सांगत आले, कुणाला कळलं नाही. खोटं आहे तेही. परातीत हात दोघींचे होते. गार पाणी तिच्याही हाताला लागलं होतं. सगळे तिला बोलत होते, तेव्हा तिनं नुसतं माझं नाव घेतलं असतं तरी पुरे होतं. तिनं घेतलं नाही.

पीठ ताजं होतं.