उघड्या हाताचा भाव

मेहकरच्या कापूसबाजारात शकूरभाईंच्या रुमालाला जो मान होता, तो पुष्कळांच्या पागोट्यालाही नव्हता. निळ्या चौकडीचा, धुऊन धुऊन मऊ पडलेला रुमाल. तो खांद्यावर टाकून ते भगवंतराव शेठजींच्या अडतीवर दलालीला यायचे. कापसाची गाडी उभी राहिली की रुमाल हातावर पसरायचा, व्यापाऱ्याचा हात त्याखाली शिरायचा, आणि दोघंही आभाळाकडे बघत उभे राहायचे. बघणाऱ्याला वाटावं, ढगांची चौकशी चाललीय. खाली बोटं बोलत असायची. शंभर धरलेलेच असायचे; त्यावर एक बोट धरलं तर एक रुपया, मूठ आवळली तर दहा. भाव पटला की रुमाल निघाला. ज्याचा कापूस, त्याला सगळ्यांत शेवटी कळायचं.

हे काम आपल्याला वरच्यानंच नेमून दिलंय, असं शकूरभाईंना वाटे. कारण त्यांची जीभ अडायची. बायकोला हाक मारतानासुद्धा 'बिस्मिल्ला'तला 'ब' ओठांत रुतून बसे, आणि नाव पुरं होईस्तोवर ती पाण्याचा गडवा घेऊन दारात आलेली असे. बोटं मात्र पैनगंगेच्या पाण्यासारखी वाहायची. रुमालाखालच्या शकूरभाईंना कुणी कधी तोतरे म्हटलं नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. दिवाळीच्या सुमाराला मुंबईच्या एका निर्यात पेढीचा माणूस अडतीवर आला. इकडचा आखूड धाग्याचा कापूस जपानला हवाय, म्हणाला, जाड रजयांसाठी.

"म्हंजे जपानी माणूस आपली गोधडी पांघरून झोपते!" कडूबा हमाल हसला.

"झोपतो. पण भाव परदेशच्या तारेवर रोज हलतो. आमच्या मालकांना बोली सगळ्यांसमोर, मोठ्यानं झालेली हवी. रुमालाखालचा माल आम्ही घेणार नाही." बाजार समितीनंही तोच नियम काढला होता.

माणूस गेला. शेठजी पानाच्या डब्यात बराच वेळ चुना शोधत राहिले. चुना समोरच होता.

"शकूर, यंदा तू गादीवर बस," ते खाली मान घालून म्हणाले. "वजनाकडं पाह्यजो. बोलीले मोतीरामले ठेवू."

मोतीराम म्हणजे बाजारातला मोठा गळा. त्याच्या हाकेनं बैल बुजत.

गादीवर बसायचं म्हणजे बाजारातून उठायचं, हे शकूरभाईंना सांगावं लागलं नाही. "प... पहिली गाडी मले द्या, शेठजी. मंग पाहू." शेठजींना नाही म्हणवलं नाही.

घरी चुलीपुढं सराव सुरू झाला. भाकरी थापता थापता बिस्मिल्ला व्यापारी व्हायची. "बोलो जी, कापूस मैं लेरी हूँ." शकूरभाई बोलायला तोंड उघडत, आणि शब्द येईपर्यंत दारातली शेळी कंटाळून निघून जाई. बाजाराच्या सकाळी तिनं धुतलेला रुमाल त्यांच्या खांद्यावर ठेवला. "काम नहीं उसका, मालूम है. पर खाली कंधा अच्छा नहीं दिखता तुम्हारा."

पहिली गाडी दुसरबीडच्या सत्यभामाबाईची होती. बाई विधवा. परक्या पुरुषाच्या हातात हात द्यायचा कसा, म्हणून आजवर तिचा दीर इंद्रभान रुमालाखाली हात घालायचा. घरी येऊन तो सांगेल तो भाव. यंदा बोली उघड होणार हे कानावर आलं, आणि बाई स्वतःच गाडीवर बसून आली.

शकूरभाई गाडीवर चढले. "स... सत्यभामाबाईचा क... क..." पुढचा शब्द येईना.

"बाप्पा!" मोतीराम ओरडला. "कापूस वेचला, भरला, जपानात पोचला, पण शकूरभाईच्या तोंडातून निघून नाही राह्यला!"

सारा बाजार हसला. शकूरभाईंचा हात सवयीनं रुमालाकडे गेला. खरेदीला आलेला मुंबईचा माणूस म्हणाला, "नाही हो, रुमाल नको."

"नोको त नोको," सत्यभामाबाई म्हणाली. "भाऊ, हात वर करा. हा रुमाल माह्यापासून जलमभर काय लपवत होता, ते पाहू द्या मले."

व्यापाऱ्यांत कुजबुज झाली. "नोको बे शकूर, पोटावर पाय येईन आपल्या," एक जण दबक्या आवाजात म्हणाला. शकूरभाईंनी त्याच्याकडे पाहिलं, बाईकडे पाहिलं. मग रुमाल नीट खांद्यावर टाकला आणि उघडा हात वर केला. उन्हात ती मूठ वळली, मग एक बोट उभं राहिलं.

शेठजी गादीवरून बघत होते. ते उठले, धोतराचा सोगा धरून गाडीजवळ आले, आणि ज्यांचा आवाज कधी अडतीच्या उंबऱ्याबाहेर गेला नव्हता ते फाटक्या गळ्यानं ओरडले, "शंभरावर अकरा!"

मुंबईच्या माणसानं वाढीची दोन बोटं दाखवली. नाइलाजानं दुसऱ्या व्यापाऱ्याचाही हात वर आला. शकूरभाईंची बोटं आणि शेठजींचा गळा, बोली चढत गेली. थांबली तेव्हा शकूरभाईंनी आधी मूठ, मग पंजा बाईपुढं धरला. पटला का भाव?

पटला, हे सांगायला बाईनं ठसक्यात मूठ वळली.

"अरे, बाई दहा वाढवून मांगून राह्यली!" कडूबानं टाळी दिली.

चूक कळून बाई लाजली. पण क्षणभरच. "मंग द्या की!"

मुंबईचा माणूस हसत सुटला, आणि हसता हसता त्याचं आणखी एक बोट वर गेलं. "दिला," बाई म्हणाली. तिच्या कापसाबद्दलचा हा शब्द पहिल्यांदाच तिच्या तोंडून निघाला होता.

"शेठजी, तुम्ही त शकूरभाईचे भोंगे झाले!" मोतीराम म्हणाला.

"झालो त झालो. भोंग्याले पान द्या बे कोणी! अन् शकूर, उतरतो काऊन? पुढची गाडी आली."

उन्हं कलल्यावर शकूरभाई नाक्यावर चहा पीत उभे होते. सत्यभामाबाईची रिकामी गाडी दुसरबीडच्या वाटेला लागली होती. समोरून कापसानं भरलेली गाडी येत होती, वर एक अनोळखी बाई. गाड्या एकमेकींजवळून गेल्या, बैल थांबले नाहीत. सत्यभामाबाईनं हात उंच केला. मूठ वळली, मग बोटं उभी राहिली. त्या दुसऱ्या बाईनं भाव नीट पाहून घेतला, आणि आपल्या बोटांनी एकदा करून बघितला.

शकूरभाईंनी कपबशी खाली ठेवली, आणि रुमालानं डोळे पुसले.